पिशवी पक्की, पाऊल निर्धास्त

रोग बरा झाला म्हणजे रोगी पूर्ववत झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाची चार दिवस विचारपूस होते आणि पुढे तो आपल्या कामाला लागेल, असे सर्वजण गृहीत धरतात. परंतु काही शस्त्रक्रिया अशा आहेत की, त्यांच्यानंतर वेदना थांबतात, भूक लागते, वजनही वाढते, आणि तरीही माणूस उंबरठ्याबाहेर पडत नाही. तो लग्नकार्याला जात नाही, एस. टी.त बसत नाही, ग्रामसभेला येत नाही. शिक्षक असेल तर रजा वाढवीत राहतो. शेतकरी असेल तर बांधावर उभा राहून इतरांना काम सांगतो. कारण विचारले तर अशक्तपणा सांगितला जातो. खरे कारण बहुधा निराळे असते. त्याच्या पोटावर एक पिशवी लावलेली असते आणि ती चारचौघांत सुटेल की काय, या धास्तीने तो घरात बसलेला असतो.

ही धास्ती निराधार नसते. पिशवी खरोखरच सुटते, गळते, कपडे खराब होतात. एकदा असा प्रसंग आला की त्याची आठवण माणसाला पुढे कित्येक महिने सोडत नाही. तथापि पिशवी सुटणे हे या शस्त्रक्रियेचे अटळ भोग नव्हेत. ती योग्य जागी, योग्य मापाने आणि कोरड्या त्वचेवर बसविलेली असेल आणि वेळेवर बदलली जात असेल, तर चालणे, वाकणे, पोहणे, सायकल चालविणे, शेतात राबणे यांपैकी बहुतेक गोष्टी तिच्यासह करता येतात. त्यासाठी नेहमी महागडेच साहित्य लागते असे नाही. नेमकी माहिती मात्र लागते, आणि ती रुग्णाबरोबरच त्याच्या भोवतीच्या माणसांनाही असावी लागते.

स्टोमा म्हणजे काय?

‘स्टोमा’ हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘तोंड’ असा आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग, आतड्यांना व्रण पाडणारे दीर्घकालीन विकार, आतड्याला पडलेले छिद्र किंवा आलेला अडथळा, अपघातात पोटाला झालेली गंभीर इजा अशा कारणांनी नैसर्गिक मार्गाने मलविसर्जन होणे अशक्य किंवा धोक्याचे ठरते. अशा वेळी शल्यचिकित्सक आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून त्वचेला शिवतात. या नव्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्यापासून केलेल्या मार्गास कोलोस्टोमी, लहान आतड्याच्या अखेरच्या भागापासून केलेल्या मार्गास इलिओस्टोमी आणि मूत्राशय काढून टाकल्यावर लघवीसाठी केलेल्या मार्गास युरोस्टोमी अशी नावे आहेत.

स्टोमा काही जणांना कायमचा असतो, तर काहींना काही महिन्यांपुरता. तो केवळ वृद्धांनाच असतो असेही नाही. सुमारे पाच हजार जन्मांमागे एक अर्भक गुदद्वाराची रचना सदोष असलेले जन्मते. अशा पुष्कळ बालकांना पहिल्या एकदोन दिवसांतच तात्पुरती कोलोस्टोमी करावी लागते आणि पुढे यथावकाश नैसर्गिक मार्ग तयार करून ती बंद करण्यात येते.

निरोगी स्टोमा ओठांच्या आतील भागासारखा लालसर व ओलसर दिसतो. त्याला स्पर्श केला असता वेदना होत नाहीत, कारण वेदनेची जाणीव देणारे मज्जातंतू तेथे नसतात. पुसताना थोडेसे रक्त दिसले तरी घाबरण्याचे कारण नसते. मात्र नैसर्गिक गुदद्वाराभोवती असतात तसे आवळून धरणारे स्नायू येथे नसल्याने मल, वायू किंवा लघवी केव्हा बाहेर पडावी यावर माणसाचा ताबा राहत नाही. म्हणून पिशवीची आवश्यकता निर्माण होते.

एका बहिणीसाठी

आज मिळणाऱ्या पिशवीमागे मोठा इतिहास आहे. पूर्वी कापडाच्या घड्या, पत्र्याची किंवा काचेची भांडी आणि रबराच्या जड पिशव्या पट्ट्याने पोटाशी बांधाव्या लागत. त्यांना दुर्गंधी येई, त्या सरकत आणि त्यांखालची त्वचा सोलवटून निघे.

डेन्मार्कमधील एलिझ सोरेन्सन या परिचारिकेच्या थोरा नावाच्या बहिणीवर अशी शस्त्रक्रिया झाली होती. लोकांसमोर गळती होईल या भीतीने थोराने बाहेर जाणेच सोडले. बहिणीची ही स्थिती पाहून सोरेन्सन यांना १९५४ मध्ये एक कल्पना सुचली. पातळ प्लास्टिकच्या पिशवीलाच चिकटपट्टी लावून ती त्वचेवर सरळ डकवावी आणि वापरून झाल्यावर टाकून द्यावी, अशी ती साधी कल्पना होती. ओगे लुई-हान्सन या प्लास्टिकच्या कारखानदाराने आरंभी फारसा उत्साह दाखविला नाही. त्याच्या पत्नीने, जी स्वतःही परिचारिका होती, आग्रह धरल्यावर पिशवी प्रत्यक्षात आली. घरात कोंडून घेतलेल्या एका स्त्रीला पुन्हा बाहेर पडता यावे, या हेतूतून हे साधन जन्मास आले.

त्वचेच्या रक्षणाचा प्रश्न मात्र उरलाच होता. तो सोडविण्याच्या कामी भारताच्या अरण्यातील एक वृक्ष उपयोगी पडला. सातपुडा, विदर्भ आणि सह्याद्रीच्या कोरड्या उतारांवर पांढऱ्याफटक सालीचा कांडोळ वृक्ष आढळतो. त्याच्या खोडातून पाझरणारा कराया डिंक आपल्याकडील आदिवासी बांधव पिढ्यान् पिढ्या गोळा करीत आले आहेत. हा डिंक पाणी शोषून फुगतो आणि ओल्या जागीही चिकटून राहतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी १९५० नंतरच्या दशकात स्टोमाभोवतीच्या त्वचेच्या रक्षणासाठी त्याचा उपयोग सुरू केला. नॉर्मा गिल या त्यांच्याच रुग्ण होत्या. १९५८ मध्ये टर्नबुल यांनी त्यांना इतर रुग्णांना शिकविण्याच्या कामी घेतले आणि त्यातून स्टोमा-परिचर्येचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. पुढे कराया डिंकाची जागा पेक्टिन, जिलेटिन आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज यांच्या मिश्रणातून बनविलेल्या चकत्यांनी घेतली. ओलावा शोषून चिकटून राहण्याचे तत्त्व तेच राहिले.

पिशवी का सुटते?

स्टोमाच्या पिशवीचे दोन मुख्य भाग असतात. एक त्वचेला चिकटणारी चकती आणि दुसरी मल साठविणारी पिशवी. काही प्रकारांत हे दोन्ही भाग एकसंध असतात. काहींमध्ये चकती त्वचेवर तशीच ठेवून पिशवी कड्यातून काढता-घालता येते. एकसंध पिशवी चपटी व लवचिक असल्याने ती कपड्यांतून उठून दिसत नाही आणि वाकताना अंगाबरोबर वळते. दोन भागांच्या पिशवीत चकती वरचेवर ओढून काढावी लागत नसल्याने त्वचेला विसावा मिळतो. श्रमाचे काम करणाऱ्यास कोणता प्रकार सोयीचा पडेल, हे दोन्ही वापरून पाहिल्यावरच ठरते.

पिशवी सुटण्याची कारणे मोजकीच आहेत. स्टोमाची जागा पोटाच्या वळीत किंवा हाडाजवळ असणे, चकतीचे छिद्र मापापेक्षा मोठे असणे, त्वचा ओली, तेलकट किंवा सोललेली असणे, पिशवी भरून जड होणे आणि चकती मुदतीपेक्षा अधिक दिवस ठेवणे, ही ती कारणे होत. पिशवी वारंवार सुटू लागली की, अनेक जण वरून चिकटपट्ट्यांवर चिकटपट्ट्या लावतात किंवा फडके घट्ट आवळून बांधतात. त्यामुळे गळती थांबत नाही. ती आतल्या आत पसरते, त्वचा भाजल्यासारखी होते आणि पुढची चकती तर मुळीच चिकटत नाही. हे चक्र तोडावयाचे असेल तर मुळाशी असलेले कारण शोधावे लागते.

ते शोधण्याची एक सोपी रीत आहे. काढलेली चकती टाकून देण्यापूर्वी उलटी करून पाहावी. तिचा चिकट थर कोणत्या बाजूने विरघळला आहे, मलाचा माग कोणत्या दिशेला गेला आहे, हे स्पष्ट दिसते. नेहमी एकाच बाजूने गळती होत असेल, तर त्या बाजूस पोटावर वळी किंवा खळगा आहे असे समजावे. सर्व बाजूंनी थर सारखाच झिजला असेल, तर छिद्र मोठे झाले आहे किंवा बदलण्यास उशीर झाला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

जागा शस्त्रक्रियेपूर्वीच ठरावी

पिशवी पक्की बसण्याची निम्मी तयारी शस्त्रक्रियेपूर्वी होत असते. तातडीची शस्त्रक्रिया नसेल तर डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका पोटावर स्टोमाची जागा आधी आखून ठेवतात. ही जागा बेंबी, जुने व्रण, कमरेचे हाड आणि पोटाच्या वळ्या यांपासून दूर, सपाट त्वचेवर असावी आणि रुग्णाला स्वतःला दिसावी, असा नियम आहे. केवळ निजलेल्या स्थितीत जागा आखली तर चूक होण्याचा संभव असतो, कारण बसल्यावर पोटाला वळ्या पडतात. म्हणून रुग्णाला उभे करून, बसवून आणि वाकवून जागा पाहिली जाते.

आपल्याकडे यात आणखी काही गोष्टींची भर घालावी लागते. येथील माणूस खुर्चीपेक्षा जमिनीवर मांडी घालून अधिक बसतो. तो शौचास उकिडवा बसतो, भाताची लावणी व निंदणी कमरेतून वाकून करतो. परकराची नाडी, नऊवारी लुगड्याचा कासोटा, धोतराची गाठ किंवा पँटचा पट्टा नेमका स्टोमावर आला तर चकती दिवसभर घासली जाते. म्हणून ‘आपण वस्त्र कोठे बांधता, काम कोणते करता, जेवावयास कसे बसता,’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगणे रुग्णाच्या हिताचे असते. संकोचाने ही माहिती राहून गेली, तर तिची अडचण पुढे रोजच सोसावी लागते.

माप, त्वचा आणि वेळ

शस्त्रक्रियेनंतर आरंभी स्टोमाला सूज असते. सहा ते आठ आठवड्यांत ती ओसरते आणि स्टोमा आकाराने लहान होतो. पुष्कळ जण रुग्णालयात दिलेल्या पहिल्या मापानेच पुढेही छिद्र कापीत राहतात आणि तेथेच गळतीचा आरंभ होतो. या काळात दर आठवड्याला माप घ्यावे. चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा दोन ते तीन मिलिमीटरहून मोठे नसावे. मोठ्या छिद्रामुळे उघडी त्वचा मलाच्या संपर्कात येते. इलिओस्टोमीतील मलात पाचक रस असल्याने ती फार लवकर सोलवटते. छिद्र फार लहान असेल तर स्टोमाला इजा होऊ शकते.

चकती बदलण्यासाठी सकाळी काही खाण्यापिण्यापूर्वीची वेळ उत्तम, कारण त्या वेळी आतडे बहुधा शांत असते. जुनी चकती ओढून काढू नये. एका हाताने त्वचा दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने ओल्या फडक्याच्या साहाय्याने चकती हळूहळू सोडवावी. त्वचा साध्या कोमट पाण्याने धुवावी. तेलाचा अंश असलेले साबण, खोबरेल, मलम किंवा अंगाला लावण्याची पावडर वापरू नये. त्वचा मऊ राहावी म्हणून खोबरेल लावण्याची आपल्याकडील सवय इतर बाबतींत चांगली असली तरी येथे ती पिशवी सुटण्यास कारण होते. त्वचेवर केस असतील तर ते कात्रीने जपून कमी करावेत. नंतर मऊ फडक्याने टिपून त्वचा पूर्ण कोरडी करावी.

चकती लावण्यापूर्वी ती मिनिटभर दोन्ही तळव्यांमध्ये धरून उबदार करावी, म्हणजे तिचा चिकट थर मऊ होतो. लावल्यावर आतून बाहेरच्या दिशेने दाबीत जावे आणि काही मिनिटे तळहात तसाच ठेवावा. चकती लावताच श्रमाचे काम करू नये. ती त्वचेशी एकजीव होण्यास थोडा अवधी द्यावा. त्वचेवर खळगा असेल तर खास लगदा किंवा मऊ कडे लावून तो भरून काढता येतो. त्वचा ओलसर व सोललेली असेल तर त्यासाठीची विशेष भुकटी भुरभुरून जादा झटकून टाकतात. स्टोमा त्वचेच्या पातळीवर किंवा आत गेलेला असेल तर बहिर्गोल चकती उपयोगी पडते. पण ती परिचारिकेच्या सल्ल्यानेच घ्यावी.

खालून उघडता येणाऱ्या पिशवीची चकती सामान्यतः तीन ते पाच दिवस टिकते. ती गळण्याची वाट पाहू नये. आपल्या त्वचेवर ती चार दिवसांनी सैल होते असा अनुभव असेल, तर तिसऱ्या दिवशी बदलावी. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी. अर्ध्याहून अधिक कधीही भरू देऊ नये. भरलेल्या पिशवीचे वजन चकतीला खाली ओढते आणि धावताना किंवा एस. टी.च्या धक्क्यांनी ती सुटते. बाहेर पडण्यापूर्वी पिशवी रिकामी करण्याची सवय लावून घेतली तर बरेचसे अवघड प्रसंग टळतात.

शेत, प्रवास आणि मैदान

उन्हाळ्यात घामाने चकतीचा थर लवकर मऊ होतो. म्हणून या दिवसांत ती एक-दोन दिवस आधी बदलावी. पिशवी व त्वचा यांच्यामध्ये सुती कापडाचे आवरण असावे, म्हणजे प्लास्टिकखाली घाम साचत नाही. शिल्लक पिशव्या पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या असलेल्या वाहनात ठेवू नयेत. उष्णतेने त्यांचा चिकटपणा बिघडतो. घरातील थंड व कोरडी जागा त्यासाठी योग्य होय.

श्रमाचे काम करणाऱ्यास पट्ट्याचा आधार उपयोगी पडतो. चकतीच्या दोन बाजूंस अडकविण्याचा लवचिक पट्टा मिळतो. तो स्टोमाच्या रेषेतच असावा. वर सरकला तर तो पिशवीलाच ओढतो. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जातील इतपतच तो आवळावा. चकतीच्या कडेवर लावण्याच्या अर्धचंद्राकृती पट्ट्याही मिळतात. घाम येत असता किंवा पोहताना कडा उचलली जाऊ नये यासाठी त्यांचा उपयोग होतो. कपडे बेताचे घट्ट असावेत. पोटावर अलगद बसणारी रुंद सुती पट्टी पिशवीला हेलकावे बसू देत नाही.

ओझे उचलण्याच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. पोटाच्या भिंतीत मुद्दाम पाडलेल्या छिद्राच्या बाजूने आतडे पुढे येऊन हर्निया होण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतरचे सहा ते आठ आठवडे जड वस्तू उचलू नये. पुढेही पोती, पाण्याच्या घागरी किंवा सिमेंटच्या गोण्या उचलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि आधाराचा पोटपट्टा वापरावा. चालण्याचा व्यायाम आरंभापासून हितकर असतो. पहिल्या दिवशी अंगणापर्यंत, पुढे देवळापर्यंत, मग शेतापर्यंत असे अंतर वाढवीत न्यावे.

पिशवी लावून स्नान करता येते आणि व्रण पूर्ण भरल्यावर पोहताही येते. धावणे, सायकल, बॅडमिंटन, क्रिकेट यांस सहसा हरकत नसते. कबड्डी, कुस्ती यांसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत स्टोमाला मार बसण्याचा संभव असतो. म्हणून डॉक्टरांच्या अनुमतीवाचून ते खेळू नयेत. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलपटू रॉल्फ बेनिर्श्के १९७९ मध्ये आतड्याच्या विकाराने मृत्यूच्या दारापर्यंत गेले होते. शस्त्रक्रियांनंतर ते १९८० मध्ये पोटावरील पिशवीसह पुन्हा मैदानात उतरले आणि १९८६ पर्यंत खेळत राहिले. गोल्फपटू अल गायबर्गर यांच्यावर १९८० मध्ये इलिओस्टोमी झाली. त्यानंतरही त्यांनी व्यावसायिक स्पर्धा जिंकल्या. ही उदाहरणे नामवंतांची आहेत. सामान्य माणसाला एवढी मजल मारावयाची नसते. त्याला बाजाराला जाऊन परत यावयाचे असते, वर्गात पाच तास उभे राहावयाचे असते. तेवढे तर निश्चित साधण्यासारखे आहे.

प्रवासात एका लहान थैलीत पूर्ण तयार केलेल्या दोन पिशव्या, पाण्याची बाटली, मऊ फडके, कागदी पिशवी आणि एक जादा वस्त्र ठेवावे. चकत्या घरीच कापून ठेवाव्यात, म्हणजे बसस्थानकावर कात्री शोधण्याची वेळ येत नाही. ही थैली बहुधा उघडावी लागत नाही. पण ती जवळ आहे या जाणिवेने मन स्वस्थ राहते.

आहाराचा संबंध

मल जितका पातळ तितकी गळती अधिक. विशेषतः इलिओस्टोमीत मल पातळ असतो आणि त्यावाटे पाणी व मीठ यांचा मोठा ऱ्हास होतो. उन्हात काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता मीठ-साखर घातलेले सरबत किंवा जलसंजीवनी घेत राहावे. मऊ भात, केळी, साबुदाणा यांनी मल दाट होण्यास मदत होते. मक्याची कणसे, ओले खोबरे, भाज्यांचे चिवट तंतू चांगले चावून व थोड्या प्रमाणात खावेत, नाहीतर स्टोमापाशी अडथळा येऊ शकतो. वाटाणा, हरभरा, कोबी, कांदा यांनी ज्यांना वायू होतो त्यांनी प्रवासाच्या आदल्या दिवशी ते टाळावेत, कारण वायूने फुगलेली पिशवीही सुटू शकते.

स्टोमा काळा किंवा निळसर पडणे, रक्तस्राव न थांबणे, पोटात कळा येऊन कित्येक तास काहीच बाहेर न पडणे, उलट्या होणे, ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

खर्च आणि सोयी

शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो. पिशव्यांचा खर्च महिन्यामागून महिना चालू राहतो. तो झेपला नाही म्हणजे लोक साध्या प्लास्टिकच्या थैल्या दोऱ्याने बांधतात किंवा एकच चकती आठवडे-आठवडे वापरतात. अशा काटकसरीने त्वचा बिघडते आणि अखेरीस खर्च वाढतो. २०२२ च्या जुलै महिन्यात या साधनांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला, त्यामुळे काही भार हलका झाला. खालून उघडता येणारी पिशवी रिकामी करून दिवसभर वापरता येत असल्याने ती किफायतशीर पडते. डाव्या बाजूस कायमची कोलोस्टोमी असणाऱ्या काही जणांना डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली ठरावीक वेळी पाण्याने आतडे धुण्याची पद्धत शिकविता येते. तीमुळे दिवसभर मलविसर्जन होत नाही आणि पिशव्याही कमी लागतात. ही पद्धत सर्वांना योग्य नसते, म्हणून ती स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र चिकित्सा-विभाग असून परिचारिकांना या विषयाचे विशेष प्रशिक्षणही दिले जाते. मुंबईतच ‘ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था १९७५ पासून रुग्णांना मार्गदर्शन करीत आहे. ज्याने स्वतः पिशवीसह वर्षे काढली आहेत अशा माणसाचे दोन शब्द नव्या रुग्णाला फार मोठा धीर देतात. १९९३ पासून दर तीन वर्षांनी ऑक्टोबर महिन्यातील पहिल्या शनिवारी जागतिक ऑस्टॉमी दिन पाळण्यात येतो. त्या निमित्ताने प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी भेट घडवून आणता येईल.

शाळा, कचेरी आणि ग्रामपंचायत

व्यक्तीने सर्व काळजी घेतली तरी भोवतालची व्यवस्था अनुकूल नसेल तर तिचे पाऊल अडते. शाळेतील एखाद्या मुलाला स्टोमा असेल तर शिक्षकाने पालकांशी एकांतात बोलून सर्व माहिती घ्यावी. त्या मुलाला हात वर करून परवानगी न मागता वर्गाबाहेर जाण्याची मुभा असावी. मुख्याध्यापकांच्या कपाटात त्याची एक जादा पिशवी व कपड्यांचा जोड ठेवावा. खेळाच्या तासाला त्याला सरसकट झाडाखाली बसवून ठेवू नये. काय चालेल व काय नाही, हे पालकांमार्फत डॉक्टरांना विचारून घ्यावे. ही गोष्ट इतर मुलांना सांगावी की नाही, याचा निर्णय त्या मुलाचा व त्याच्या आईवडिलांचा असतो.

कचेरीतील प्रमुखाने अशा कर्मचाऱ्याला स्वच्छतागृहाजवळची बसण्याची जागा दिली आणि दौऱ्याची पूर्वसूचना वेळेवर दिली, तर बहुतेक अडचण दूर होते. ग्रामपंचायतीला करण्याजोगी गोष्ट त्याहून साधी आहे. बाजार, बसथांबा, शाळा आणि पंचायत कार्यालय येथील शौचालयांना आतून कडी, भरपूर पाणी, उजेड आणि वस्तू अडकविण्यासाठी एक खुंटी असावी. उकिडवे बसून पिशवी रिकामी करणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी एखाद्या ठिकाणी उंच बैठक असावी. या सोयींचा लाभ वृद्धांना, गरोदर स्त्रियांना आणि आजाऱ्यांनाही होईल. वापरलेली पिशवी शौचालयात रिकामी करून, कागदात गुंडाळून झाकणाच्या कचराकुंडीत टाकावयाची असते. ती शौचकूपात, नदीत किंवा उकिरड्यावर उघडी टाकू नये, हे आशा कार्यकर्तीने घरोघरी सांगावे.

सोवळेओवळे आणि संकोच यांमुळेही पुष्कळ घरांत अशी व्यक्ती पंगतीपासून, पूजेपासून आणि पाहुण्यांपासून दूर राहते. नीट बसविलेल्या, बंद पिशवीला बाहेर दुर्गंधी येत नाही; शेजारी बसलेल्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी आपण होऊन तिचे पान पंगतीत मांडले, तर तिच्या मनावरील ओझे बरेच उतरेल.

शस्त्रक्रियेने जीव वाचविण्याचे काम डॉक्टरांनी केलेले असते. त्या जीवाला त्याच्या शेतात, वर्गात, बाजारात आणि माणसांत परत आणण्याचे काम गावाला करता येण्यासारखे आहे. आपल्या गावात अशी एखादी व्यक्ती दीर्घकाळ घराबाहेर पडत नसेल, तर तिला अशक्त समजून सोडून देण्यापूर्वी तिची पिशवी नीट बसते आहे का, ती कोणाला दाखविली आहे का, आणि नवी आणण्यास मदत हवी आहे का, एवढे आपुलकीने व एकांतात विचारावे. पुष्कळदा एवढ्या विचारपुशीनंतर तो माणूस पुढल्या आठवडी बाजाराला दिसू लागतो.